अप्पांनी विकायला काढलेली पेन्शन

ट्रेझरीतून परतलेले अप्पा त्या दिवशी चपला घालूनच घरात आले. थोरली सून गुरम्मा संक्रांतीच्या शेंगापोळीसाठी दाणे कुटत बसली होती. तिनं आधी चपला पाहिल्या, मग सासऱ्यांचं तोंड.

"मामा, काय झालं?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"कापलं," अप्पा म्हणाले.

गुरम्मानं घाबरून त्यांचे हात पाहिले, पाय पाहिले. सगळं जागच्या जागी होतं.

"पेन्शनीतनं इन्कमटॅक्स कापला. माझ्या! आणि कापला कुणी, तर माझ्याच खुर्चीत बसलेल्या पोरानं. कसा कापायचा ते मीच शिकवलंय की त्याला!"

आणि त्यांचा डावा तळवा छातीवर गेला.

गुरम्मा उठली. गुळाचा खडा, पाण्याचा तांब्या, पाठीशी तक्क्या, खिडकी अर्धी बंद. हे सगळं विचार न करता झालं, कारण तिच्या लग्नापासून हे असंच होत आलं होतं. वीरभद्रप्पांनी, म्हणजे अप्पांनी, ट्रेझरीतली हेडक्लार्कची नोकरी मुदतीआधी सोडली ती हृदयाच्या सर्टिफिकेटावर. तेव्हापासून त्यांना दोन गोष्टी मिळत होत्या, सरकारकडून पेन्शन आणि घराकडून शांतता. या घरात कुणी आवाज चढवत नसे. वाईट बातमी जेवणानंतर आणि गूळ दिल्यावरच सांगायची. भांडण करायचंच झालं तर बैलबाजारातले दलाल करतात तसं, उपरण्याखाली हात घालून बोटांनी करायचं. ही पद्धत अप्पांच्या धाकट्या भावानं, मैंदर्गीच्या मडिवाळप्पानं, सिद्धेश्वराच्या जत्रेला, म्हणजे गड्ड्याला, आला असताना सुरू करून दिली होती. पुढं ती घरात इतकी मुरली, की गुरम्मा आणि तिच्या सासूबाई काशम्मा भाजीला मीठ किती यावरचा वादसुद्धा पदराखाली मिटवीत.

संध्याकाळी सगळे जमले. जत्रेत बैल घ्यायला आलेला मडिवाळप्पा होताच. थोरला मुलगा ईरप्पा सुताचं दुकान बंद करून आला. धाकटा चन्नवीर पुण्याहून बी.एस्सी. होऊन आलेला, हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. तो जे वाचायचा ते शेवटपर्यंत वाचायचा, त्यामुळं घरात त्याच्याशी बोलायला लोक जरा कचरत.

"सरकारनं मर्यादा खाली आणलीय," चन्नवीर म्हणाला. "पूर्वी वर्षाला दोन हजारांच्या आत कर नव्हता. आता हजाराच्या वर गेलं की कर. अप्पांची पेन्शन हजाराच्या जराशी वर जाते."

"आणि कर किती?" ईरप्पानं विचारलं.

"वर्षाला दोन चांगल्या चादरी येतील एवढा."

"मग दोन चादरी देऊन टाका की!" मडिवाळप्पा म्हणाला.

"प्रश्न चादरीचा नाही," अप्पा म्हणाले. "सरकारनं माझ्या नोकरीबद्दल मला पेन्शन दिली. दिलेलं परत मागणारं सरकार मी पाहिलं नव्हतं."

"दुसऱ्यांकडनं मागताना पाहिलं होतं की," काशम्मा आतून म्हणाली. पण इतक्या हळू, की फक्त गुरम्माला ऐकू गेलं.

"एक वाट आहे," चन्नवीर म्हणाला. "पेन्शन महिन्याच्या महिन्याला घेतली तर ते उत्पन्न. त्यावर कर. पण तिचा काही भाग सरकारलाच विकून त्याची एकरकमी किंमत घेतली, तर ते उत्पन्न धरत नाहीत. कायद्यात तसं कलमच आहे. त्या रकमेवर एक पैही कर नाही. आणि उरलेली पेन्शन हजाराच्या खाली आली, की तिच्यावरही नाही."

ईरप्पानं डोळे बारीक केले. "म्हणजे घोट घोट प्यायलं तर कर, आणि अख्खी घागर तोंडाला लावली तर माफ?"

"बरोबर."

"कायदा कुणी केला रे हा?"

"ज्याच्याकडं घागर होती त्यानं," मडिवाळप्पा म्हणाला, आणि अप्पांकडं सरकून बसला. "अण्णा, विकून टाक. सगळीच विक."

"अर्धीपर्यंतच विकता येते. आणि मला तर चिमूटभरच विकायची आहे. कर चुकण्यापुरती."

"आता विकायला बसलोच आहोत तर चिमूट कशाला?" ईरप्पा म्हणाला. त्याच्या मनात चार नवे माग उभे राहिले होते. मडिवाळप्पाच्या मनात मैंदर्गीच्या पेठेतलं शेजारचं दुकान उभं राहिलं होतं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, ईरप्पानं खांद्यावरचं उपरणं पसरलं, आणि दोघांचे हात त्याखाली गेले.

बराच वेळ उपरणं हलत राहिलं. अप्पा तक्क्याला टेकून त्याच्याकडं बघत होते, आणि त्यांना कळत होतं की त्या कापडाखाली त्यांचेच तुकडे पडताहेत.

"अण्णा, मी व्याजानं घेईन की. फुकट न्हाय," मडिवाळप्पा शेवटी उघड म्हणाला.

"व्याज म्हणजे उत्पन्न, काका," चन्नवीर म्हणाला. "त्यावर कर लागेल. अप्पा परत हजाराच्या वर जातील."

मग मडिवाळप्पाचा चेहरा उजळला. "मग बिनव्याजी दे! तुझ्या भल्यासाठीच सांगतो."

"मलाही बिनव्याजी चालेल, अप्पा," ईरप्पा घाईनं म्हणाला. "परतफेडीचीसुद्धा घाई करू नका. उगाच तुम्हांला त्रास."

"कुणालाच देणार नाही," अप्पा म्हणाले. "लोखंडी पेटीत ठेवीन. पेटीतल्या पैशाला उत्पन्न नसतं."

"पण अप्पा," चन्नवीर म्हणाला, "एक अट आहे. सरकार पेन्शन विकत घेण्याआधी सिव्हिल सर्जनकडून माणूस तपासून घेतं. प्रकृती चांगली असली तर पूर्ण किंमत. नसली तर वय वाढवून धरतात आणि किंमत कमी करतात. जो लौकर जाणार त्याच्या पेन्शनीला कोण भाव देईल?"

सगळ्यांच्या नजरा अप्पांच्या डाव्या तळव्याकडं गेल्या. तो छातीवरच होता. अप्पांनी तो हळूच उचलला आणि मांडीवर ठेवला.

त्या घरातली बाजू त्या घटकेला पालटली. आजवर अप्पा आजारी असण्यावर सगळ्यांचं एकमत होतं. आता अप्पा ठणठणीत असण्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

*

तपासणी गड्ड्याची जत्रा उतरल्यावर होती. तोवर मडिवाळप्पानं बैल घेण्याचा बेत बाजूला ठेवला आणि भावाला हाती घेतलं. बैल विकायचा असला की त्याला आठवडाभर आधीपासून काय करतात, हे त्याला पाठ होतं. रोज पहाटे अंगाला तेल. नाश्त्याला बाजरीची भाकरी आणि लोणी. मग सिद्धेश्वराच्या तळ्याकाठानं चालणं, छाती पुढं काढून.

"अण्णा, मान वर! गिऱ्हाईक आधी मान बघतं."

"मी बैल नाही, मडिवाळप्पा."

"बैलाला एवढं सांगावं लागत न्हाय."

ज्या जिन्यावर अप्पांना दहा-बारा वर्षं कुणी चढू दिलं नव्हतं, त्यावरून ईरप्पा त्यांना रोज वर-खाली पाठवू लागला. गुरम्मा खाली उभी राहून म्हणायची, "मामा, येताना वरची घागर आणता का?" पहिल्यांदा ती लाजून म्हणाली. चौथ्या दिवशी सहज. सातव्या दिवशी अप्पा न सांगता घागर घेऊन उतरले.

सगळं पाहणारा चन्नवीर एकटा होता. तो रोज सकाळ-संध्याकाळ घड्याळ धरून वडिलांची नाडी मोजायचा. एका दुपारी ईरप्पानं जेवतानाच मागांचा विषय काढला. अप्पांचा तळवा सवयीनं छातीवर गेला, डोळे मिटले, श्वास लांबला. अगदी तसंच, जसं चन्नवीर लहानपणापासून पाहत आला होता. चन्नवीरनं पटकन त्यांचं उजवं मनगट धरलं आणि मोजलं.

नाडी झोपेत चालायची तशीच चालत होती.

त्यानं नंतर आणखी तीनदा पाहिलं, कारण एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणं बरोबर नाही. तिन्ही वेळा तेच. अप्पा खोटं करत होते असं त्याला वाटलं नाही. त्यांचा चेहरा खरोखर दुखल्यासारखा असायचा. दुखणं चेहऱ्यापर्यंत पोचत होतं, आणि हृदयाला त्याची खबर नव्हती.

काशम्मा परसात शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "काय दिसलं रे?"

"कुठं काय, अव्वा?"

"तू चारदा त्यांचा हात धरलास. काय दिसलं?"

चन्नवीरला खोटं बोलता येत नसे. त्याचा त्यानं कधी अभ्यासही केला नव्हता. "घड्याळाप्रमाणं त्यांचं हृदय चांगलं आहे. आत्ताच नाही. मला वाटतं, बरीच वर्षं चांगलं असावं."

काशम्माच्या बोटांत एक शेंग होती. ती फुटली नाही, नुसती दाबली गेली.

तिची बहीण मायाक्का मैंदर्गीला एकटीच राहायची. नवरा गेला, मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दर जत्रेला ती मडिवाळप्पाजवळ एकच निरोप द्यायची, आमच्या काशीला, म्हणजे काशम्माला, एकदा पाठवा. दर जत्रेला काशम्मा दोन लुगडी आणि भावाचं जुनं कांबळं यांचं गाठोडं बांधायची. तिनं विषय काढला की तळवा छातीवर जायचा, आणि ती गाठोडं सोडायची. मैंदर्गी काही काशी नव्हे, सकाळी निघालं तर दुपारी पोचावं. यंदाच्या निरोपात मायाक्कानं एवढंच वाढवलं होतं: उजवा डोळा गेला, डाव्यानं अजून अंधुक दिसतं, तोवर ये.

"हे कुणाला सांगू नको," काशम्मा म्हणाली.

"का?"

"साहेब सांगतील. सरकारनं सांगितलेलं तुझे अप्पा ऐकतात."

*

तपासणीच्या दिवशी सगळं घर निघालं. दोन टांगे लागले. अप्पांना पांढरं धोतर, काळा कोट आणि नवा रुमाल. मडिवाळप्पानं निघताना त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि सवयीनं त्यांच्या दातांकडं पाहिलं.

सिव्हिल सर्जन गोरा, उंच आणि कंटाळलेला होता. त्यानं अप्पांना चालवलं, वाकवलं, उभं केलं, छातीला नळी लावली. दवाखान्याच्या रिवाजाप्रमाणं दुभाष्या म्हणून चन्नवीर आत होता. बाकीचे दाराबाहेर बाकावर, आणि दार अर्धं उघडं.

"उत्तम," साहेब म्हणाला. मग त्यानं अप्पांचे नोकरीचे जुने कागद उलटले आणि थांबला. तो एकदा कागदाकडं, एकदा अप्पांकडं पाहू लागला.

"या सर्टिफिकेटाप्रमाणं," तो इंग्रजीत म्हणाला, "हा गृहस्थ एव्हाना मेलेला असायला हवा."

अप्पांना इंग्रजी येत होतं. ते उभ्या उभ्या ताठ झाले.

"हा आजारी आहे म्हणून सरकारनं याला पेन्शन दिली. आता ही पेन्शन चांगल्या किमतीला विकता यावी म्हणून हा निरोगी आहे. याला विचारा, सरकारला यानं केव्हा फसवलं? तेव्हा की आत्ता?"

चन्नवीरनं भाषांतर केलं, दाराबाहेरच्यांना ऐकू जाईल असं. अप्पांना त्याची गरज नव्हती. बाहेर बाकावर ईरप्पानं चुलत्याचं उपरणं ओढलं आणि दोघांचे हात आपोआप त्याखाली गेले. पण या वेळी सांगण्यासारखा आकडाच कुणाजवळ नव्हता.

अप्पांना दोन्ही वाटा दिसत होत्या. निरोगी म्हणावं तर इतकी वर्षं घेतलेली पेन्शन लबाडीची. आजारी म्हणावं तर भाव पडला, आणि न विकावं तर टॅक्स कायम. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या कागदांवर "खुलासा करावा" असा शेरा मारला होता. स्वतःचा खुलासा त्यांनी कधी केला नव्हता. त्यांचा डावा हात मांडीपासून सुटला आणि वर निघाला.

दाराच्या फटीतून सगळ्या घरानं तो हात पाहिला. तो पोटापर्यंत आला.

"शिवा शिवा," मडिवाळप्पा पुटपुटला. "बैल बसला."

तेवढ्यात काशम्मा दार ढकलून आत गेली. तिनं जाता जाता नवऱ्याचा तो हात धरला, खाली आणला, आणि धरूनच ठेवला. मग ती कानडीत बोलू लागली. घाबरली की तिला मराठी सुचत नसे.

"चन्नवीरा, साहेबांना सांग. आजार खरा होता. तो मी सांभाळला. या माणसाच्या कानावर इतकी वर्षं मी वाईट शब्द पडू दिला नाही. आमच्या घरात पोरं कधी ओरडून खेळली नाहीत. माझा भाऊ गेला, तो मी यांना महिन्यानं सांगितला, जेवण झाल्यावर, गूळ देऊन. महिनाभर मी रडले ते न्हाणीघरात, पाण्याचा आवाज करून. एवढं केल्यावर हृदय बरं होणार नाही तर काय होईल? दगडसुद्धा बरा झाला असता."

चन्नवीरनं सगळं भाषांतर केलं, दगडासकट.

साहेबाचा कंटाळा गेला होता. त्यानं नळी पुन्हा अप्पांच्या छातीला लावली आणि बराच वेळ ऐकलं. "माझ्यापेक्षा चांगलं आहे," तो म्हणाला. "हिला सांगा, असं पथ्य मी कुणाला लिहून दिलं तर लोक माझ्यावर हसतील. पण गुण आलाय. प्रकृती वयाच्या मानानं उत्तम. किंमत पूर्ण." आणि त्यानं सही केली.

बाहेर मडिवाळप्पा आणि ईरप्पा एकदमच उठले, त्यामुळं बाकाचं दुसरं टोक गुरम्मासकट खाली गेलं.

"आणखी एक विचार," काशम्मा म्हणाली. तिनं अजून नवऱ्याचा हात सोडला नव्हता. "मी मैंदर्गीला बहिणीकडं जाऊन राहिले, तर यांच्या हृदयाला चालेल का?"

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. चन्नवीरनं विचारलं.

"किती दिवस?" साहेबानं विचारलं.

"एक महिना," काशम्मा म्हणाली.

"या हृदयाला? तीन महिने जाऊ दे. सहा जाऊ दे. याला आता बातम्या सांगा, जिने चढवा, याच्यावर ओरडा. आता याची सेवा करण्यासारखं काही उरलेलं नाही."

वीरभद्रप्पांनी हे मूळ इंग्रजीत ऐकलं. वरिष्ठानं मंजूर केलेल्या रजेवर हाताखालच्यानं शेरा मारायचा नसतो, हे ते जन्मभर इतरांना सांगत आले होते.

*

दोन्ही टांगे दारात थांबले. सगळे उतरले. काशम्मा उतरली नाही.

"गुरम्मा, गाठोडं आण गं. देवळीत आहे," ती म्हणाली. "भावजी, तुम्ही आजच निघताय की?"

"व्हय वैनी. बैल न्हाय तर न्हाय, रिकाम्या हातानं जात न्हाय म्हणायचं," मडिवाळप्पा म्हणाला आणि तिच्यासमोर चढून बसला. दुकानाचा विषय त्यानं निदान आजपुरता तरी सोडलेला दिसला.

अप्पा टांग्याच्या चाकाशी उभे राहिले. किंमत पूर्ण ठरली होती. कर चुकला होता. लोखंडी पेटी माळ्यावरून खाली काढायची होती. या सगळ्याचा आनंद कुठं ठेवला होता, ते त्यांना आठवेना.

"आज तर जत्रेची गर्दी असेल मोटारीला," ते म्हणाले.

"गड्डा तर केव्हाच उतरला की," काशम्मा म्हणाली.

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मग खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या मध्ये, टांग्याच्या कठड्यावर धरलं आणि त्याखाली हात घातला. काशम्मानंही हात घातला. तिला त्यांचं एक बोट लागलं, तळव्यावर घट्ट दाबलेलं. एक महिना. तिनं स्वतःच मागितला होता तेवढा.

काशम्मानं हात बाहेर काढला.

"तीन!" ती म्हणाली.

ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की समोरच्या घरातली माणसं सज्जात आली. घोडं कान हलवून एक पाऊल पुढं सरकलं. त्या घराच्या दारात इतक्या वर्षांत कुणी एवढा मोठा आवाज काढला नव्हता. ईरप्पा, चन्नवीर, गाठोडं घेऊन आलेली गुरम्मा, सगळे एकाच ठिकाणी बघू लागले.

अप्पांचा डावा तळवा छातीवर गेला होता. डोळे मिटले होते.

कुणी गूळ आणला नाही. चन्नवीरनं घड्याळ काढलं नाही.

टांगेवाला घाबरला. "मालकास्नी काय होतंय?"

"काय न्हाय होत," गुरम्मा गाठोडं वर देत म्हणाली. "साहेबानं सही केलीय. हाणा तुमी टांगा."

टांगा निघाला. कोपऱ्यावर वळेपर्यंत अप्पांनी तळवा छातीवर ठेवला होता. मग त्यांनी डोळे उघडून पाहिलं. रस्ता मोकळा होता. तळवा त्यांनी काढला नाही, उलट जरा दाबून धरला आणि मान तिरकी केली, दुसऱ्याच्या घरात कुणी आहे का ते दाराला कान लावून ऐकावं तशी.

"मामा," गुरम्मा आतून इतर घरांतल्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे या घरात आजवर कधी न काढलेल्या आवाजात ओरडली, "घागर रिकामी हाय. येताना भरून आणा!"